स्किपोलवर उतरलेली दोन विमाने: लस पासपोर्टचे एक प्रकरण

शुक्रवार, २६ नोव्हेंबर २०२१. दक्षिण आफ्रिकेहून निघालेली दोन विमाने ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरली. ती हवेत असतानाच जमिनीवरचे नियम बदलले होते. आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोरोना विषाणूचा एक नवा प्रकार सापडल्याचे जाहीर केले होते. त्याच शुक्रवारी जागतिक आरोग्य संघटनेने बी.१.१.५२९ या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव दिले. नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेकडची हवाई वाहतूक थांबवली आणि जे वाटेत आहेत त्यांची उतरल्यावर चाचणी होईल, असे सांगितले.

प्रवासी आधी विमानात, मग बसमध्ये आणि शेवटी एका हॉलमध्ये ताटकळले. निकाल हाती येईपर्यंत रात्र झाली होती. ६२४ प्रवाशांपैकी ६१ जण पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे जवळपास दर दहात एक. त्यांना विमानतळाजवळच्या हॉटेलात वेगळे ठेवण्यात आले. दोन दिवसांत त्यांच्यापैकी किमान १३ जणांत ओमिक्रॉन असल्याचे जनुकीय तपासणीतून निष्पन्न झाले. दरम्यान एक जोडपे हॉटेलातून निघून स्पेनला जाणाऱ्या विमानात जाऊन बसले आणि त्यांना तिथून खाली उतरवावे लागले.

यातला एकही प्रवासी चोरवाटेने आलेला नव्हता. विमानात चढताना प्रत्येकाने लस घेतल्याचा पुरावा किंवा निगेटिव्ह चाचणीचा अहवाल दाखवला होता, असे विमान कंपनीने सांगितले. पुढच्या गुरुवारी डच आरोग्य यंत्रणेने आणखी एक माहिती दिली: पॉझिटिव्ह आलेल्यांची संख्या आता ६२ होती आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्के लोकांनी लस घेतलेली होती. लस घेतली असो वा नसो, युरोपबाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची निघण्यापूर्वी चाचणी व्हावी, या मागणीला यामुळे बळ मिळते, असेही त्यांनी म्हटले.

लस पासपोर्टबद्दल, म्हणजे लस घेतल्याचा पुरावा दाखवून प्रवासात सूट मिळवून देणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल, गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक लिखाण स्वातंत्र्य विरुद्ध सुरक्षितता या एकाच रस्त्याने जाते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हे प्रमाणपत्र सीमेवर नेमके काय रोखते? याचे उत्तर शोधायला स्किपोलचा तो शुक्रवार फार उपयोगी आहे, कारण प्रमाणपत्रे तपासून झाल्यावर त्याच माणसांची सरसकट चाचणी होण्याचा प्रसंग महासाथीत क्वचितच आला. एरवी ही माणसे स्कॅनरवर हिरवी खूण पाहून घरी गेली असती.

प्रमाणपत्र काय सांगत होते

युरोपीय संघाने डिजिटल कोविड प्रमाणपत्राचा कायदा १४ जून २०२१ रोजी संमत केला आणि १ जुलैपासून तो लागू झाला. त्यात तीन पर्याय होते: लस घेतल्याची नोंद, अलीकडची निगेटिव्ह चाचणी किंवा आजारातून बरे झाल्याची नोंद. बरे झाल्याची नोंद पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपासून १८० दिवस चालत असे. तांत्रिक बाजूने हे काम खरोखर चांगले झाले. क्यूआर कोडवर देणाऱ्या यंत्रणेची डिजिटल सही असे, ती खरी की खोटी हे दुसऱ्या देशातले ॲप तपासू शके, आणि देशादेशांत फक्त सह्या पडताळण्याच्या चाव्यांची देवाणघेवाण होई. प्रवाशाची वैद्यकीय माहिती कुठल्याही मध्यवर्ती साठ्यात जात नसे. २०२३ च्या मध्यापर्यंत दोन अब्ज तीस कोटींहून अधिक प्रमाणपत्रे दिली गेली आणि ७८ देश या जाळ्यात आले. एवढ्या वेगाने एवढे मोठे काम उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण सार्वजनिक आरोग्यात सहज आठवत नाही.

पण सही कागदाची खात्री देते, शरीराची नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲडॉल्फ हिटलर या नावाचे एक प्रमाणपत्र फिरू लागले आणि तपासणीच्या ॲपमध्ये ते वैध दिसत होते. सही देणाऱ्या साखळीत कुठेतरी दार उघडे राहिले की असे होते. हा दोष दुरुस्त करता येण्याजोगा होता. स्किपोलवर जे दिसले ते मात्र अस्सल, नियमात बसणाऱ्या प्रमाणपत्रांबाबत होते.

तिन्ही पर्यायांचे फळ एकच होते: प्रवेश. आरोग्याच्या भाषेत मात्र त्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. निगेटिव्ह चाचणी म्हणते, नमुना घेतला त्या क्षणी या माणसाच्या नाकात विषाणू सापडला नाही. लसीची नोंद म्हणते, या माणसाच्या शरीराला विषाणूची ओळख करून दिलेली आहे. पहिली गोष्ट दोन-तीन दिवसांत शिळी होते. दुसरी काही महिने टिकते, पण ती मुळात वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. त्या माणसाला संसर्ग झाला तर तो किती आजारी पडेल, याबद्दल ती बरेच काही सांगते. आज तो विषाणू घेऊन आला आहे का, याबद्दल फार थोडे सांगते. नियम लिहिताना या दोन्हींना एकाच रांगेत बसवले गेले, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

९० टक्के या आकड्याचा अर्थ

लसविरोधी मंडळींनी हा आकडा लगेच उचलला. पॉझिटिव्ह आलेल्यांत ९० टक्के लसवंत, म्हणजे लस कुचकामी, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब साफ चुकीचा आहे. त्या विमानांत बसायचे तर लसीचा पुरावा हा सर्वांत सोपा मार्ग होता, त्यामुळे प्रवाशांत लसवंतांचाच भरणा असणार. विमानातला प्रत्येक जण लसवंत असता तर पॉझिटिव्ह आलेल्यांतही शंभर टक्के लसवंतच निघाले असते आणि त्यावरून लसीच्या गुणाबद्दल काहीच कळले नसते. शिवाय पीसीआर चाचणी अतिशय संवेदनशील असते. बरे होऊन काही आठवडे झालेल्या माणसातही ती विषाणूचे अवशेष पकडू शकते. ६१ पॉझिटिव्ह म्हणजे ६१ जण त्या दिवशी संसर्ग पसरवत होते, असे म्हणता येत नाही.

आकड्यातून निघणारा खरा निष्कर्ष एवढाच, आणि तोही पुरेसा गंभीर आहे: लसीचा पुरावा दाखवून चढलेल्या माणसांत संसर्ग होता, आणि नेहमीच्या नियमाने त्यांची चाचणी झालीच नसती.

असे का झाले याची उत्तरे तोवर बऱ्यापैकी हाती आली होती. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रॉव्हिन्सटाउन या पर्यटनाच्या गावात डेल्टा या ओमिक्रॉनआधीच्या प्रकाराचा उद्रेक झाला. त्यात नोंदलेल्या ४६९ रुग्णांपैकी ३४६ जणांचे लसीकरण पूर्ण झाले होते, आणि त्यांच्या नाकातल्या विषाणूचे प्रमाण इतरांइतकेच दिसत होते. लसीमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांची पातळी काही महिन्यांत उतरते, आणि नाक-घशाच्या अस्तरावर तर दंडात दिलेल्या लसीचे संरक्षण आधीच पातळ असते. गंभीर आजारापासूनचे संरक्षण जास्त काळ टिकते, कारण त्यामागे पेशींची स्मृती काम करते. ओमिक्रॉनने ही दरी आणखी रुंद केली. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात फायझर लसीच्या दोन डोसांनंतर लक्षणे दिसणाऱ्या ओमिक्रॉन संसर्गापासूनचे संरक्षण दोन ते चार आठवड्यांत ६५.५ टक्के होते आणि २५ आठवड्यांनंतर ते ८.८ टक्क्यांवर आले.

हे आकडे विमानात बसवून पाहू. समजा ३०० आसनांचे विमान अशा ठिकाणाहून निघाले आहे, जिथे लस न घेतलेल्या दर शंभरात चार जणांना या घडीला संसर्ग आहे. कोणीच लस घेतली नसेल तर विमानात १२ जण संसर्ग घेऊन बसतील. सर्वांनी नुकतीच लस घेतली असेल आणि संसर्गापासूनचे संरक्षण ६५ टक्के धरले, तर चार जण. लस सहा महिन्यांपूर्वीची असेल आणि संरक्षण नऊ टक्के असेल, तर अकरा. तिन्ही विमानांत दारावरचे प्रमाणपत्र तितकेच हिरवे. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण वैधतेची मुदत आणि संरक्षणाची मुदत यांची फारकत झाली की काय होते, ते यातून दिसते. युरोपने प्रवासासाठी प्राथमिक लसीकरणानंतर २७० दिवसांची मर्यादा घातली ती १ फेब्रुवारी २०२२ पासून. नऊ महिने. तोपर्यंत ओमिक्रॉन सगळीकडे पोचला होता.

पिवळ्या तापाचे कार्ड का चालते

लस पासपोर्टच्या समर्थनात हमखास पिवळ्या तापाचा दाखला दिला जातो. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत प्रवेशाची अट म्हणून लसीचा पुरावा मागता येईल असा नावानिशी नमूद केलेला हा एकच आजार आहे. ते कार्ड कित्येक दशके चालत आले आहे, मग कोविडचे का नको?

कारण त्या लसीचा स्वभाव वेगळा आहे. पिवळ्या तापाचा एक डोस बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. म्हणूनच ११ जुलै २०१६ पासून त्या कार्डाची दहा वर्षांची मुदत काढून ते तहहयात वैध करण्यात आले. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होते, आणि तोवर शरीर इतके तयार झालेले असते की विषाणू रक्तात वाढतच नाही. हा आजार पसरतो डासांमार्फत. प्रवाशाच्या रक्तात विषाणू नसेल तर तिथल्या डासाला तो मिळणार नाही आणि साखळी तिथेच तुटेल. म्हणजे इथे लस प्रवाशाला वाचवते आणि तो जिथे उतरतो त्या देशालाही. कोविडच्या लसींनी पहिले काम उत्तम केले. दुसरे काम सुरुवातीला बऱ्यापैकी, मग कमी आणि ओमिक्रॉनपुढे फारच थोडे केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आणीबाणी समितीने १५ जानेवारी २०२१ लाच सांगितले होते की आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी लसीच्या पुराव्याची अट घालू नये. प्रसार रोखण्याबाबत लसींची कामगिरी अजून स्पष्ट नाही आणि लसी पुरेशा उपलब्ध नाहीत, ही दोन कारणे दिली होती. दहा महिन्यांनी ही दोन्ही कारणे स्किपोलच्या त्या हॉलमध्ये एकत्र आली.

विषाणू आधीच घरात होता

३० नोव्हेंबरला डच राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाहीर केले की देशात १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही ओमिक्रॉन सापडला आहे. म्हणजे ती दोन विमाने उतरण्याच्या आठवडाभर आधी तो नेदरलँड्समध्ये पोचलेला होता. कोणाबरोबर, कोणत्या दारातून, याला आता अर्थ नाही. तो तपासणीच्या चाळणीतून गळून आत आला होता हे महत्त्वाचे.

त्याच काळात नेदरलँड्समध्ये रोज २०,००० हून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते, जवळपास सगळे डेल्टाचे. अशा देशात बाहेरून डेल्टाचे पन्नास रुग्ण आले काय आणि न आले काय, एकूण साथीत फरक नगण्य. आधीच पसरलेल्या विषाणूसाठी सीमेवर कडक तपासणी ठेवून फार काही साधत नाही. नवा प्रकार मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याची पहिली काही डझन माणसेच पुढची लाट ठरवतात, आणि ती आठ-पंधरा दिवस उशिरा आली तरी बूस्टर देण्यासाठी, रुग्णालये सज्ज करण्यासाठी वेळ मिळतो. लस पासपोर्टची सगळ्यात जास्त गरज ज्या क्षणी होती, त्या क्षणीच तो सगळ्यात कमी उपयोगाचा ठरला. लस जुन्या विषाणूवर बेतलेली, आणि दारात उभा विषाणू नवा.

सरकारांनाही हे कळले होते. डिसेंबर उजाडताच पोर्तुगालने लसवंतांकडूनही निगेटिव्ह चाचणी मागायला सुरुवात केली. आयर्लंडने तेच केले. १६ डिसेंबरपासून इटलीने युरोपीय संघातून येणाऱ्या लसवंतांनाही चाचणी बंधनकारक केली. मुक्त प्रवासासाठी बनवलेले प्रमाणपत्र हाती असताना देश एकेक करून त्याला चाचणीची जोड देत होते.

न्यूझीलंडने तर हे आधीपासून मानले होते. विषाणू देशाबाहेर ठेवणे हेच ज्यांचे खरे उद्दिष्ट होते, त्यांनी १ नोव्हेंबर २०२१ पासून परदेशी नागरिकांना लसीची सक्ती केली, पण सरकारी देखरेखीतले विलगीकरण काढून टाकले नाही. नोव्हेंबरच्या मध्यात ते १४ दिवसांवरून सात दिवसांवर आणले, एवढेच.

मग या प्रमाणपत्राने भले काहीच केले नाही?

केले, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १२ जुलै २०२१ रोजी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले की ऑगस्टपासून कॅफे, रेस्टॉरंट, लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या आणि विमानांसाठी आरोग्य पास, म्हणजे हेच प्रमाणपत्र, लागेल. एका दिवसात नऊ लाखांहून अधिक लोकांनी लसीची वेळ नोंदवली. पुढे सहा देशांच्या अभ्यासात दिसले की जिथे लसीकरण मागे होते तिथे, म्हणजे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, इस्रायल येथे, पासमुळे लसीकरण वाढले. जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये तसा परिणाम दिसला नाही. वाढलेले लसीकरण म्हणजे अतिदक्षता विभागात न पोचलेली माणसे. प्रवाशाच्या बाबतीतही हाच फायदा लागू होतो: परक्या देशात गंभीर आजारी पडून तिथली खाट अडवण्याची शक्यता लसवंताची खूपच कमी.

हा फायदा मोठा आहे, पण तो सीमेवर मिळत नाही. तो लसीकरण केंद्रावर, प्रवासाच्या कित्येक आठवडे आधी मिळतो. सीमेवरची तपासणी त्याचे फक्त आमिष असते. लोकांना 'लस घ्या, तुमचा जीव वाचेल आणि फिरताही येईल' असे सांगणे खरे होते. 'तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे, म्हणजे तुमच्यापासून कुणाला धोका नाही' हे खरे नव्हते, आणि नियमाचा सूर दुसऱ्या वाक्याचा होता. चाचणीतून सूट, विलगीकरणातून सूट. लस घेतलेला, खोकणारा प्रवासीसुद्धा मनाशी म्हणू शकत होता की मी तर पास आहे.

ज्यांना लस मिळालीच नाही त्यांचे काय

डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला आफ्रिका खंडात पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. श्रीमंत देशांत तेव्हा तिसरा डोस चालू होता. लसीवर आधारलेली प्रवासाची अट अशा जगात आरोग्याची चाळणी राहत नाही, ती पुरवठ्याची चाळणी होते. आणि लस मिळूनही अडचण संपत नव्हती. युरोपीय प्रमाणपत्र सुरू झाले तेव्हा संघाच्या औषध नियामकाने मान्य केलेल्या चारच लसी सर्व सदस्य देशांवर बंधनकारक होत्या. ॲस्ट्राझेनेकाचीच लस, पण भारतात बनलेली कोविशील्ड, त्या यादीत नव्हती. ती स्वीकारायची की नाही हे एकेका देशावर सोडलेले होते. गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेतून आफ्रिकेत हीच लस वाटली जात होती. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे दोन डोस घेतले तरी काही सीमांवर तो लस न घेतलेलाच. याला वैद्यकीय आधार नव्हता.

याचा सार्वजनिक आरोग्यावर होणारा परिणाम न्याय-अन्यायाच्या पलीकडे जातो. ओमिक्रॉन जगाला कळला तो दक्षिण आफ्रिकेच्या प्रयोगशाळांमुळे. त्यांनी काही दिवसांत जनुकीय रचना वाचली आणि न लपवता जगासमोर ठेवली. बदल्यात त्यांना बंद विमानतळ मिळाले. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी दोन दिवसांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली आणि ती रास्त होती. पुढच्या वेळी एखाद्या देशाने नवा विषाणू सापडल्यावर आठवडाभर गप्प बसायचे ठरवले, तर त्या आठवड्याची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागेल.

दारावर काय ठेवता आले असते

त्याच महिन्यांत अमेरिकेत एक वेगळा, कमी गाजलेला प्रयोग चालू होता. सप्टेंबर २०२१ पासून काही मोठ्या विमानतळांवर परदेशातून आलेल्या प्रवाशांकडून स्वेच्छेने, नाव न नोंदवता नाकातले नमुने घेतले जात. सुरुवात भारतातून येणाऱ्या विमानांपासून झाली होती. अनेकांचे नमुने एकत्र करून तपासायचे आणि पॉझिटिव्ह निघालेल्या गटाचा जनुकीय क्रम वाचायचा. २८ नोव्हेंबरला त्यात दक्षिण आफ्रिकेकडची विमाने जोडली गेली. ओमिक्रॉनचा बीए.२ हा उपप्रकार अमेरिकेत इतर कोणाच्याही नोंदीच्या आठवडाभर आधी, आणि बीए.३ तर सहा आठवडे आधी, याच कार्यक्रमाला सापडला. कोणाला अडवले नाही, तरी देशाच्या हाती माहिती आली.

स्किपोलवरही त्या शुक्रवारी मोलाची ठरली ती ६२४ जणांची चाचणी आणि त्यानंतरचे जनुकीय वाचन. मग चाचणीतली सूट नियमातच सशर्त ठेवायला हवी होती: लसीमुळे चाचणी माफ, पण नवा प्रकार जाहीर होताच ही माफी त्याच दिवशी आपोआप स्थगित, कोणत्या देशातून आलात याचा विचार न करता. आणि एरवीच्या दिवसांतही लसवंतांपैकी थोड्या प्रवाशांचे नमुने सतत घेत राहायचे, म्हणजे चाळणीला भोक कुठे पडले आहे ते विमाने उतरण्याआधी कळत राहील. युरोपीय कायद्यात देशांना जादा निर्बंध लावण्याची मुभा होती, पण ती प्रत्येक देशाने आपापल्या वेळी, आपापल्या पद्धतीने वापरली.

युरोपीय प्रमाणपत्राची मुदत ३० जून २०२३ ला संपली. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यामागचे तंत्रज्ञान स्वतःच्या जागतिक आरोग्य प्रमाणपत्र जाळ्यासाठी स्वीकारले. सह्यांचा, चाव्यांचा, क्यूआर कोडचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटलेला आहे. त्या कोडच्या बदल्यात पुढच्या महासाथीत प्रवाशाला कोणती सूट द्यायची, किती दिवसांसाठी द्यायची आणि ती कोणी, कोणत्या पुराव्यावर काढून घ्यायची, हे साथ नसतानाच लिहून ठेवायला हवे.